भाषण ऐकून माग चालत नाही

वेबसाइट तयार करणाऱ्यांच्या परिषदेचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. ज्यांचा दिवस सूत, रंग, आडत आणि वसुली यातच मावळतो, त्यांनी संगणकवाल्यांच्या मेळाव्यात जाऊन करायचे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, तेथे ज्या वस्तूची चर्चा चालते ती वस्तू आता दुकान झाली आहे. दुकान कसे बांधले जाते आणि त्याची किल्ली कोणाच्या खिशात राहते, हे ज्या व्यापाऱ्याला ठाऊक नाही तो आपल्याच पेढीवर भाडेकरू होऊन बसतो.

आपल्या घरातील शिकलेली मुले आता अशा परिषदांना जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बहुतेक मुले जातात, भाषणे ऐकतात आणि परत येतात. गळ्यात नावाची पट्टी, हातात कापडी पिशवी, पिशवीत चार स्टिकर आणि मोबाइलमध्ये भरपूर फोटो. दुकानाची वेबसाइट मात्र होती तशीच. म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : आपल्यासारख्यांनी या परिषदांना जरूर जावे, पण भाषणासाठी नव्हे, कार्यशाळेसाठी जावे. आणि रिकाम्या हाताने जाऊ नये, आपले काम बरोबर घेऊन जावे.

परिषदेत असते तरी काय?

उदाहरणासाठी वर्डकॅम्प घेऊ. वर्डप्रेस हे वेबसाइट तयार करण्याचे सॉफ्टवेअर मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी मे २००३ मध्ये लोकांपुढे ठेवले. ते मोफत आहे. कोणीही ते वापरावे, उघडून पाहावे, बदलावे, दुसऱ्याला द्यावे, अशी त्याची परवानगीच आहे. आज जगातील दर दहा वेबसाइटपैकी सुमारे चार याच सॉफ्टवेअरवर चालतात. ते वापरणाऱ्यांचा आणि बनविणाऱ्यांचा पहिला मेळावा ऑगस्ट २००६ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे भरला. त्याला वर्डकॅम्प हे नाव पडले आणि पुढे शहरोशहरी असे मेळावे होऊ लागले. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथे ते झाले आहेत. सबंध आशियाचा मेळावा २०२० मध्ये बँकॉकला व्हायचा होता, तो करोनामुळे रद्द झाला. मग २०२३ मध्ये बँकॉक, २०२४ मध्ये तैपेई आणि २०२५ मध्ये मनिला येथे तो भरला. २०२६ साठी मुंबईचे नाव मनिलातच जाहीर झाले. म्हणजे ही गोष्ट परदेशाची राहिलेली नाही, ती आपल्या दाराशी आलेली आहे.

या मेळाव्यांची एक रीत आपण लक्षात घेण्यासारखी आहे. ते भरविणारे स्वयंसेवक असतात. बोलणाऱ्यांना मानधन नसते. खर्चाचा मोठा भार प्रायोजक उचलतात आणि तिकीट मुद्दाम कमी ठेवले जाते, जेणेकरून सामान्य माणसाला येता यावे. तेव्हा 'ते बड्या लोकांचे काम' असे म्हणून घरी बसण्यास निदान येथे तरी जागा नाही.

आता दिवसाचा क्रम पाहा. एकाच वेळी दोन-तीन दालनांत व्याख्याने चालू असतात. एक व्याख्यान साधारण अर्धा-पाऊण तासाचे. वक्ता पडद्यावर चित्रे दाखवितो, शेवटी दोन-तीन प्रश्न होतात आणि लोक पुढच्या दालनाकडे धावतात. दुसरीकडे कार्यशाळा असतात. त्यात जागा मोजक्या, नाव आधी नोंदवावे लागते आणि आपला लॅपटॉप आपण न्यावा लागतो. शिकविणारा एक पायरी दाखवितो, समोरचे तीच पायरी आपल्या हाताने करतात, कोणी अडला तर मदतनीस त्याच्या शेजारी येऊन बसतो. तिसरी गोष्ट म्हणजे मदतीचे टेबल. वर्डकॅम्पमध्ये त्याला 'हॅपिनेस बार' म्हणतात. तेथे जाणकार मंडळी बसलेली असतात आणि कोणीही आपली अडचण घेऊन त्यांच्यासमोर बसू शकतो. चौथी गोष्ट 'कॉन्ट्रिब्यूटर डे', म्हणजे हातभार लावण्याचा दिवस. त्या दिवशी भाषांतर, चाचणी, माहितीपुस्तिका, फोटो अशी वेगवेगळी टेबले मांडलेली असतात आणि जो तो आपापल्या टेबलावर काम करतो.

यातील पहिल्या गोष्टीला सर्वांत जास्त गर्दी होते. आपल्या कामाच्या मात्र बाकीच्या तीन आहेत.

भाषण घरी मिळते, शेजार मिळत नाही

वर्डकॅम्पमधील बरीच व्याख्याने चित्रित होतात आणि नंतर कोणालाही मोफत पाहता येतात. जी वस्तू रात्री दुकान बंद केल्यावर घरबसल्या मिळते, तिच्यासाठी दोन दिवसांचा धंदा, गाडीभाडे आणि मुक्काम का खर्च करावा? उलट मदतीच्या टेबलावर जो माणूस तुमची बिघडलेली वेबसाइट उघडून पाहतो, तो चित्रफितीतून बाहेर येत नाही.

भाषणे निरुपयोगी असतात असे मला म्हणायचे नाही. वेबची पहिली जागतिक परिषद मे १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत झाली. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना तेथेच १९८९ मध्ये मांडली होती आणि एप्रिल १९९३ मध्ये सर्नने ती कोणताही मोबदला न घेता सर्वांसाठी खुली केली होती. त्याच १९९४ साली शिकागोच्या परिषदेत होकोन विउम ली यांनी एक सूचना मांडली : पानावरचा मजकूर वेगळा ठेवावा आणि त्याची सजावट वेगळी लिहावी. तीच पुढे सीएसएस या नावाने रूढ झाली. कापडवाल्यांना हे लगेच समजेल. कापड एकच, छपाईचा ठसा मात्र हवा तेव्हा बदलता येतो. नोव्हेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत रायन डाल यांनी नोड जेएस हे आपले काम लोकांसमोर चालवून दाखविले आणि त्यानंतर वेबच्या धंद्यात मोठा बदल झाला. अशा भाषणांना जे हजर होते ते नशीबवान म्हणायचे.

पण हेही पाहा की, त्या सभागृहांत बसलेले लोक स्वतः तेच काम करणारे होते. ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी हाताने करून पाहण्याची त्यांची तयारी होती. ज्याचा हात अजून बसलेला नाही त्याच्या कानावर तेच भाषण पडले तर ते वरून वाहून जाते. आजकाल बरीच व्याख्याने कृत्रिम बुद्धिमत्तेवर होत आहेत. ज्याला आपल्या वेबसाइटवरील मालाची किंमत स्वतः बदलता येत नाही, त्याने ती ऐकून काय साधणार?

आपल्याकडे विद्या कशी दिली जात आली?

मागावर कारागीर कसा तयार होतो हे या पानाच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. पोरगा आधी कांड्या भरतो. मग तुटलेला धागा जोडायला शिकतो. मग फणीतून धागा ओढणे, मग धोटा, मग कुठे उस्ताद त्याला मागाजवळ एकट्याने उभे राहू देतो. उस्ताद फार बोलत नाही. तो शेजारी उभा असतो आणि चुकले की हात धरतो. रंगारी, जरीवाला, चप्पल शिवणारा, तांबट, सुतार, कोणताही हुन्नर घ्या, रीत हीच. भाषण ऐकून आजवर कोणाचा माग चालला नाही.

तेव्हा कार्यशाळा ही काही साहेबी नवलाई नाही, ती आपली जुनी उस्ताद-शागीर्द रीतच आहे. फरक इतकाच की, तेथे तीन वर्षांचे काम तीन तासांत होत नाही. कार्यशाळेतून हुन्नर मिळत नाही, हुन्नराची पहिली गाठ मारता येते. पुढच्या गाठी घरी येऊन रोज मारल्या तरच कापड तयार होईल. हे ध्यानात ठेवून गेलेला माणूस निराश होत नाही.

पणाला काय लागले आहे?

कापडाच्या धंद्यात एक गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. विणणारा विणतो आणि नफ्याचा मोठा वाटा मधला माणूस नेतो. असे का होते? तो जास्त मेहनत करतो म्हणून नव्हे. गिऱ्हाईकाचा पत्ता त्याच्या वहीत असतो म्हणून. ज्याच्या वहीत पत्ता, त्याचा धंदा.

वेबवर हाच खेळ नव्याने मांडला जात आहे. मोठ्या ऑनलाइन बाजारात माल ठेवला तर विक्री होते, हे खरे. पण गिऱ्हाईक त्या बाजाराचे राहते. त्याने दर वाढविला, नियम बदलला, खाते बंद केले, तर आपल्यापाशी उरते काय? स्वतःची वेबसाइट असलेल्यांची स्थितीही पुष्कळदा याहून बरी नसते. वेबसाइट कोणा ओळखीच्या मुलाकडून करून घेतलेली असते. डोमेन, म्हणजे दुकानाची पाटी, त्याच्या नावावर आणि त्याच्या ईमेलवर घेतलेली असते. होस्टिंग, म्हणजे जागेचे भाडे, त्याच्याच खात्यातून भरले जाते. तो मुलगा दुबईला गेला, किंवा पैशावरून बिनसले, की दुकानाला कुलूप. डोमेनची मुदत भरली आणि ती वाढविली नाही, तर पुढे तेच नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. बाजारात वीस वर्षे कमावलेले नाव असे एका विसरलेल्या तारखेने जाते. यात त्या मुलाची लबाडी असतेच असे नाही. मालकाने किल्ली मागितलीच नव्हती.

ही किल्ली कशी मागावी, कोठे ठेवावी आणि हरवली तर कशी बदलावी, हे मदतीच्या टेबलावर एका बैठकीत समजते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

जाताना काय न्यावे?

पहिली गोष्ट, डोमेन कोणाच्या नावावर आहे, ते कोठून घेतले आणि त्याची मुदत कधी संपते, हे एका कागदावर लिहून न्यावे. ठाऊक नसेल तर तोच पहिला प्रश्न ठेवावा. हिशोब समजून आला की परत येऊन नोंद पेढीच्या नावावर करून घ्यावी.

दुसरी गोष्ट, आपल्या मालाचे दहा फोटो न्यावेत. मोबाइलवर काढलेला एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तसाच वेबसाइटवर चढविला तर खेड्यातील गिऱ्हाईकाच्या फोनवर पान उघडता उघडत नाही आणि तो पुढे निघून जातो. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असे माप गूगलने २०२० मध्ये घालून दिले. तोच फोटो दीड-दोनशे केबीपर्यंत कसा आणावा आणि तरीही पोत कसा दिसावा, हे हाताने करून पाहण्याचे काम आहे. रंगाचेही तसेच. फोटोत मोरपंखी दिसला आणि घरी निळा पोहोचला की माल परत येतो आणि दोन्हीकडचे भाडे आपल्या अंगावर पडते.

तिसरी गोष्ट, मालाचे पूर्ण वर्णन कागदावर तयार न्यावे. सुताचा काउंट, पन्हा, लांबी, वजन, धुण्याची रीत, कमीत कमी किती नग. वेबवाल्यांना हे ठाऊक नसते, ते तुम्हालाच द्यावे लागते. वर्डप्रेसवर दुकान मांडण्यासाठी वूकॉमर्स नावाचे जोडसॉफ्टवेअर २०११ पासून मोफत मिळते. त्यात मीटरवर विकायचे की थानावर, घाऊक दर कसा दाखवायचा, जीएसटी कोठे भरायचा, हे प्रश्न आपल्या मालावरच सोडवून पाहावेत, शिकविणाऱ्याच्या नमुन्यावर नव्हे.

चौथी गोष्ट, वेबसाइटची नक्कल काढून ती पुन्हा उभी करता येते काय, हे तेथे एकदा करून पाहावे. नक्कल काढणारे पुष्कळ असतात, ती उघडून पाहणारे थोडे. याच बैठकीत चोरीच्या थीमबद्दलही विचारावे. विकत मिळणारी वस्तू कोणी फुकट देतो तेव्हा तिच्यात बहुधा काहीतरी मिसळलेले असते. सुतात मिसळ असली तर कापड धुतल्यावर कळते, येथे वेबसाइट बळकावली गेल्यावर कळते.

पाचवी गोष्ट, कोणी जावे? केवळ घरातील इंग्रजी बोलणारा मुलगा पाठवू नये. त्याच्याबरोबर जो माल ओळखतो आणि वही लिहितो, तो माणूस जावा. एकाला कळ ठाऊक असते, दुसऱ्याला धंदा. दोघे एका लॅपटॉपवर बसले तरच काम पुरे होते. घरी बसून कशिदा आणि शिलाई करणाऱ्या बहिणी आपल्या धंद्याचा अर्धा भार उचलतात. त्यांचेही नाव नोंदवावे.

भाषेचा अडसर

'तेथे सगळे इंग्रजीत चालते, आम्हाला काय कळणार?' ही तक्रार मी मनापासून मान्य करतो. ज्यांची तालीम माझ्यासारखी उर्दू शाळेत झाली आणि ज्यांचा कारोबार मराठीत चालतो, त्यांना पडद्यावरचे शब्द परके वाटतात. पण कार्यशाळेत हा अडसर निम्म्याने कमी होतो, कारण शेजारच्याला आपल्या भाषेत विचारता येते आणि बोटाने दाखविता येते.

शिवाय याच ठिकाणी आपल्यापाशी एक भांडवल आहे. हातभाराच्या दिवशी भाषांतराच्या टेबलावर वर्डप्रेसची वाक्ये मराठी, उर्दू आणि इतर भाषांत आणली जातात. तेथे प्रोग्रामिंग लागत नाही, योग्य शब्द लागतो. बिल, परतावा, थकबाकी, नमुना, घाऊक, किरकोळ, या शब्दांचे वजन दुकानदाराइतके कोणाला ठाऊक आहे? उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, म्हणून सबंध पानाची मांडणी उलटवावी लागते. ती बरोबर उलटली की नाही हे रोज उर्दू वाचणाराच सांगू शकतो. 'डॉट भारत' ही देवनागरीतील डोमेनची सोय ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. आपल्या लिपीत पाटी लावता येते, हेदेखील आपल्यापैकी किती जणांनी वापरून पाहिले? भाषा येत नाही म्हणून रडण्यापेक्षा, जी येते ती घेऊन टेबलावर बसावे.

दोन शब्द भरविणाऱ्यांना

परिषदा भरविणाऱ्यांनाही एक विनंती आहे. छोट्या दुकानदारांसाठी एक तरी कार्यशाळा मराठी, हिंदी किंवा उर्दूत ठेवावी आणि तिच्यासाठी काही लॅपटॉप तेथेच उपलब्ध करावेत. ज्याच्याकडे लॅपटॉप आहे त्यालाच शिकवायचे म्हटले, तर ज्याला गरज आहे तो बाहेरच राहील. लूमवाल्या गावांत शुक्रवारी माग बंद असतात, तो दिवस साधला तर मालेगाव-भिवंडीचे लोकही येतील.

आपल्या बाजारातील संघटनांनी तर परिषदेची वाटसुद्धा पाहू नये. शादीखान्याचा किंवा शाळेचा एक हॉल, वीस माणसे, पाच लॅपटॉप आणि परिषदेत शिकून आलेली दोन मुले एवढ्यावर कार्यशाळा होते. जो जाऊन येईल त्याने महिन्याच्या आत चार दुकानदारांना बसवून शिकवावे, अशी अट घालून संघटनेने त्याचे गाडीभाडे द्यावे. सत्कार, हारतुरे आणि अध्यक्षीय भाषण यांच्यावर होणाऱ्या खर्चात हे सहज बसते.

मालाच्या दर्जात आपला कारागीर कोणाला हार जाणारा नाही. तो मागे राहतो तो वहीत. नव्या वहीचे नाव वेबसाइट आहे आणि ती लिहायला शिकविणारे लोक आज आपल्या शहरांत येऊन, मोफत शेजारी बसण्यास तयार आहेत. पुढच्या वेळी कार्यक्रमपत्रिका हाती आली की मोठी नावे शोधू नका. कार्यशाळांची यादी काढा, एक जागा नोंदवा आणि डोमेनचा तो कागद खिशात घालून निघा.